‘खेळणं’ म्हणणाऱ्या वाचकाला

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा चिडून, दुसऱ्यांदा मुद्दा शोधत. शर्यतीच्या घोड्याला एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरतात आणि लय बिघडते) आहे का, हे मोबाईलला जोडायच्या छोट्या ईसीजी यंत्राने तबेल्यातच पाहता येतं, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर तुम्ही म्हणता, "ज्यांना स्टेथोस्कोपने ऐकता येत नाही त्यांनीच असली खेळणी मिरवावीत."

मतभेद असू देत, पण ‘असली’? ‘मिरवावीत’? समोर बसला असतात तर हे शब्द तोंडातून निघाले असते का? स्वतःचं नाव न लिहिता टोमणे मारायला फार हिंमत लागत नाही.

एक चूक तुम्ही बरोबर पकडलीत. फोटोखाली ठोके ७२ लिहिलेत, ते ३६ हवेत. घोड्याच्या ईसीजीतली टी लहर, म्हणजे ठोक्याच्या मागोमाग उमटणारी लहर, मोठी असते. माणसासाठी बनवलेलं यंत्र कधीकधी तिलाही ठोका समजतं आणि दुप्पट आकडा दाखवतं. मी तो तसाच उतरवला. दुरुस्त केलंय.

आता ऐकण्याबद्दल. २२ वर्षं मी घोड्यांच्या छातीला स्टेथोस्कोप लावतोय, त्यामुळे ते मला शिकवू नका. सुरुवातीच्या काळात एक घोडी शेवटच्या वळणापर्यंत पुढे होती आणि मग पाय बांधल्यासारखी मागे पडली. तासाभराने मी ऐकलं. दोन ठोके, मग रिकामी जागा, परत ठोके. तयारीतल्या घोड्याचा विश्रांतीत एखादा ठोका गळतो. कर्णिकेचा, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्याचा, संदेश मधेच अडतो, चार पावलं दुडकी चालवलं की लय जागेवर येते, काळजीचं काही नसतं. तेच समजून मी मोठ्या ऐटीत "ठीक आहे" सांगितलं. चालवून पाहायचीही तसदी घेतली नाही. मोठं ईसीजी यंत्र तिसऱ्या दिवशी आलं, तेव्हा लय अगदी सरळ होती. नुकतंच सुरू झालेलं फिब्रिलेशन पुष्कळदा २४ ते ४८ तासांत आपलं आपण थांबतं. म्हणजे त्या दिवशी मी नेमकं काय ऐकलं, ते आजही मला सांगता येत नाही.

तेव्हाची ईसीजीची पट्टी, म्हणजे ठोक्यांची उमटलेली रेघ, असती तर सांगता आलं असतं. डाव्या कोपराच्या मागचे केस स्पिरिटने ओले करायचे, यंत्र घट्ट दाबून धरायचं. घोडा पाय आपटतो, रेघ उड्या मारते, मग स्थिरावते. गळलेल्या ठोक्याच्या जागी पी लहर (कर्णिकेच्या संदेशाची खूण) एकटीच उभी असेल तर बिनधास्त राहा. पी लहर कुठेच नाही, रेघ बारीक थरथरतेय आणि दोन ठोक्यांमधल्या अंतरांना काही धरबंध नाही, तर ते फिब्रिलेशन. हे ३० सेकंदांत दिसतं. तुमच्या त्या तयार कानांना पी लहर ऐकू येत असेल तर धन्य आहात.

राहिलं तुमचं "उभ्या घोड्यावरून धावतानाचं काय कळणार" आणि "यंत्राचा निकाल माणसांसाठी असतो" वगैरे. धावतानाच्या नोंदीला पट्ट्याने बांधायची वेगळी यंत्रं असतात, तो या लेखाचा विषयच नव्हता. आणि यंत्राचा निकाल मी वाचत नाही, पट्टी वाचतो. (७२ चा अपवाद सोडून. हो, माहीत आहे.)

तुमची प्रतिक्रिया काढलेली नाही. ‘खेळणी’ या शब्दासकट तशीच आहे.