पुढे काय?

आज सकाळची ठाणे-वाशी लोकल, लेडीज डबा, आमचा नेहमीचा ग्रुप. आठवडाभर एक नवीन मुलगी आमच्यात बसते. बावीस-तेवीसची असेल, घणसोलीला पहिलीच नोकरी. एका काकूंनी तिला नाव विचारलं. तिने सांगितलं. "पुढे काय?" तिने वडिलांचं नाव सांगितलं. "अगं, आडनाव?" तेही सांगितलं. गावावरून पडलेलं, शेवटी 'कर'. त्यावरून काही पत्ता लागेना, म्हणून मग, "तसं नाही गं, मूळचे कोण तुम्ही?"

मुलगी म्हणाली, "काकू, तुम्हाला कशाला हवंय?" आवाजसुद्धा चढवला नाही. ती घणसोलीला उतरली आणि इकडे ठरलं, मुलगी शिष्ट आहे.

शिष्ट! तेव्हापासून माझं डोकं तापलंय.

मी सहावीत असताना आम्ही कोपरखैरण्याला सिडकोच्या घरात राहायला आलो. दारावर पाटीही लागली नव्हती. शेजारच्या काकूंची आणि आईची आठ दिवसांत गट्टी. होळीला आईने त्यांना डबा भरून पुरणपोळ्या दिल्या. लग्नातला स्टीलचा डबा, बुडाशी पप्पांचं पूर्ण नाव घातलेलं. संध्याकाळी काकू दारातच उभ्या राहून म्हणाल्या, "हे आडनाव आमच्यातही असतं. तुमच्यात पण असतं का? म्हणजे तुम्ही कोण?" आईने सांगून टाकलं. लपवायचं काय त्यात?

दुसऱ्या दिवशी डबा परत आला. लख्ख घासलेला, रिकामा. आपल्याकडे शेजारणीचं भांडं रिकामं देतात का हो? काही नसलं तर चमचाभर साखर तरी घालतातच ना! आईने झाकण उघडलं, लावलं, परत उघडून पाहिलं.

हो, काही जण आपुलकीने विचारतात, गाववाले निघतात, ओळख निघते. मान्य. पण आपुलकी गावाच्या नावावर थांबते. "मूळचे कोण" पर्यंत जाते ती आपुलकी नव्हे. भाड्याचं घर बघायला जा, पहिल्या पाच मिनिटांत हाच प्रश्न येतो, मग डिपॉझिटचं बोलणं. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळांच्या नावात सरकारी कागदावर वडिलांच्या आधी आईचं नाव आलं, किती बरं वाटलं होतं मला. पण विचारणाऱ्यांना ना आईशी घेणं ना बापाशी. त्यांची नजर थेट शेवटच्या शब्दावर.

उत्तर द्यायचं की नाही, हे ज्याला विचारलंय त्याने ठरवावं. आईने सांगितलं, ती बरोबर होती. या मुलीने नाही सांगितलं, तीही बरोबर आहे.

लोकलमधल्या त्या काकूंचा राग मघाशी होता तेवढा आता नाही. मला ताप आला तेव्हा याच काकूंनी तुर्भ्यापर्यंत माझी बॅग धरली होती. म्हणूनच उद्या त्यांच्याशी बोलणार आहे, डब्यात, सगळ्यांसमोर. आज मी गप्प बसले, ते मला फार लागलंय. त्या मुलीने उतरताना एकदा माझ्याकडे पाहिलं होतं.