‘तीन इंजेक्शनं घ्या, मलेरिया मुळासकट जातो’: हा मेसेज पुढे ढकलण्याआधी

पावसाळा लागला की हा मेसेज फिरायला लागतो. मजकूर साधारण असा: मलेरियाच्या गोळ्यांनी पोट बिघडतं, त्यापेक्षा मेडिकलमधून आर्टिसुनेटचं इंजेक्शन आणा, ओळखीच्या सिस्टरकडून सलाईनच्या बाटलीत टाकून घ्या. तीन डोसांत मलेरिया मुळासकट जातो, पुढे गोळ्या नकोत. औषध वनस्पतीचं, म्हणून साइड इफेक्ट शून्य.

औषध उत्तम आहे, त्याबद्दल वाद नाही. भारत, बांगलादेश, म्यानमार आणि इंडोनेशियातल्या 1461 रुग्णांवरची चाचणी 2005 मध्ये प्रसिद्ध झाली. क्विनीन हे जुनं औषध दिलेल्यांपैकी 22 टक्के दगावले, आर्टिसुनेट दिलेल्यांपैकी 15 टक्के. पण हे सगळे रुग्ण गंभीर मलेरियाचे होते: शुद्ध हरपलेली, झटके येणारी, धाप लागलेली, लघवी कमी झालेली माणसं. जो रुग्ण बोलतोय, चहा-बिस्किट खातोय, त्याला गोळ्याच पुरतात. पोट बिघडण्याची भीती असेल तर काहीतरी खाऊन गोळी घ्यावी. अर्ध्या तासाच्या आत उलटी झालीच, तर डॉक्टरांना विचारून तो डोस पुन्हा घ्यावा. एवढ्यासाठी शीर टोचून घ्यायची गरज नाही.

‘मुळासकट’चं म्हणाल, तर मलेरिया कुठला हे आधी बघा. मुंबईत बहुतेक व्हायवॅक्स सापडतो. त्याचे जंतू यकृतात दडून बसतात आणि आर्टिसुनेट त्यांच्या केसालाही धक्का लावत नाही. त्यांच्यासाठी 14 दिवसांचं प्रायमाक्विन लागतं, तेही जीसिक्सपीडी या रक्तातल्या एन्झाइमची कमतरता आणि गरोदरपण नाही याची खात्री करून. गडचिरोलीकडचा फाल्सिपेरम वेगळा. तो यकृतात दडत नाही, पण मेंदूपर्यंत जातो. म्हणून रक्त तपासल्याशिवाय मेडिकलच्या काउंटरवर उपचार ठरवू नये.

आता सलाईनची बाटली. माझ्या मते मेसेजमधला सगळ्यात घातक सल्ला हाच. नेहमीच्या पॅकमध्ये 60 मिलिग्रॅम पांढऱ्या पावडरीची व्हायल असते, सोबत सोडियम बायकार्बोनेटचं 1 मिलिलिटरचं अँप्युल आणि सलाईनचं 5 मिलिलिटरचं. आधी बायकार्बोनेट घालून द्रावण काचेसारखं स्वच्छ होईपर्यंत हलवायचं. गढूळ राहिलं तर फेकून द्यायचं. मग शिरेतून द्यायचं असेल तर 5 मिलिलिटर सलाईन घालायचं, मांडीत द्यायचं असेल तर 2 मिलिलिटर. नुसतं इंजेक्शनचं पाणी चालत नाही. शिरेतून मिनिटाला 3 ते 4 मिलिलिटर या गतीने, हाताने सावकाश द्यायचं. तयार झालेलं औषध तासाभराच्या आत वापरावं लागतं, नंतर ते टिकत नाही. अर्धा लिटरच्या बाटलीत टाकून थेंबथेंब तीन-चार तास चढवलं, तर रुग्णाला नक्की किती पोहोचलं ते कुणालाच सांगता यायचं नाही. डोस वजनावर ठरतो: किलोला 2.4 मिलिग्रॅम, 20 किलोच्या आतल्या मुलांना किलोला 3 मिलिग्रॅम. म्हणजे 50 किलोच्या माणसाला 120 मिलिग्रॅम, दोन पूर्ण व्हायली. ‘एक टोचून टाका’ म्हणणाऱ्यांनी हे जरूर वाचावं. पॅकमधलं द्रावक वेगळं असलं तर त्या पॅकवरची कृती पाळायची.

तीन डोसांची गोष्ट अर्धी खरी आहे. सुरुवातीला एक, 12 तासांनी दुसरा, 24 तासांनी तिसरा. मधेच ताप उतरला तरी हे तिन्ही पूर्ण करायचेच. पण आर्टिसुनेट काय किंवा शरीरात त्याचं जे रूप होतं ते काय, दोन्ही काही तासांत रक्तातून निघून जातात. जंतूंचा मोठा साठा झपाट्याने मरतो, थोडे उरतात आणि आठवड्या-दोन आठवड्यांत पुन्हा डोकं वर काढतात. त्या उरलेल्यांसाठी जास्त काळ टिकणारं जोडीचं औषध लागतं. म्हणून रुग्ण गिळू लागला की तीन दिवसांचा एसीटी गोळ्यांचा, म्हणजे आर्टिमिसिनिन गटातलं औषध (आर्टिसुनेट याच गटातलं) आणि हे जोडीचं औषध एकत्र असलेल्या गोळ्यांचा, पूर्ण कोर्स. गिळता येत नसेल तर तोवर रोज एक इंजेक्शन. नुसत्या अर्धवट उपचाराने जंतू औषधाला सरावतात. याच भीतीने भारताने 2009 मध्ये एकट्या आर्टिमिसिनिनच्या गोळ्यांवर बंदी घातली.

राहिलं वनस्पतीचं. क्विनीनही सिंकोना झाडाच्या सालीतलंच आहे आणि त्याने रक्तातली साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरते. आर्टिसुनेटचं दुखणं वेगळं आहे. तांबड्या पेशीत मेलेला जंतू प्लीहा उचकटून काढते आणि तीच पेशी परत रक्तात सोडते, पण आता तिचं आयुष्य कमी झालेलं असतं. अशा पेशी एक ते तीन आठवड्यांनी एकदम फुटायला लागतात. रुग्ण घरी जाऊन बरा झालेला असतो आणि अचानक थकवा, डोळ्यांत पिवळेपणा, गडद लघवी सुरू होते. मलेरिया उलटला समजून लोक पुन्हा तेच इंजेक्शन मागतात. तेव्हा लागते ती हिमोग्लोबिनची तपासणी आणि काहींना रक्त. म्हणून इंजेक्शन घेतलेल्याने चार आठवडे, दर आठवड्याला हिमोग्लोबिन बघावं. रक्तात जंतू खूप होते त्यांनी तर नक्कीच.

या मेसेजची एक उलटी आवृत्तीही फिरते: ‘गरोदर बाईला हे इंजेक्शन देऊच देऊ नका’. तेही चूक. गंभीर मलेरियात गरोदरपणाच्या कोणत्याही महिन्यात आर्टिसुनेट द्यावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. मोठं रुग्णालय लांब असेल तर पहिला डोस प्राथमिक आरोग्य केंद्रातच मांडीत देऊन मग पुढे पाठवायचं असतं.