दिसली, एवढंच सांगा

आमची हरवलेली कुत्री भुरी घरी आली आहे. आत्ता माझ्या पायाशी झोपली आहे आणि झोपेतच पाय हलवते आहे. ज्यांनी पोस्ट शेअर केली, फोन केले, रात्री-अपरात्री खिडकीतून डोकावून पाहिलं, त्या सगळ्यांना आधी हे सांगायचं होतं. पुढचं सावकाश वाचा. फक्त एक विनंती: जुनी पोस्ट अजून फिरते आहे, तिच्यावर मी आता 'सापडली' असं लिहिलंय. आणि कुठे आमचं पोस्टर राहिलेलं दिसलं तर काढून टाका. आज ज्यांचं कुत्रं हरवलंय त्यांच्या पोस्टरला ती जागा हवी.

मंगळवारी रात्री वीज कडाडली आणि भुरी फाटकातून निघून गेली. कडी नीट बसली नव्हती. ती चूक माझी. त्या संध्याकाळी तिला अंघोळ घातली होती, म्हणून गळपट्टा काढून खुंटीला अडकवला होता. त्यावरच माझा नंबर असलेला बिल्ला आहे. म्हणजे ज्या एका रात्री तो तिच्या गळ्यात असायला हवा होता, नेमक्या त्याच रात्री तो खुंटीवर होता. भुरी मुळात बुजरी. एक वर्षाची असताना आमच्याकडे आली, आणि अजूनही अनोळखी माणसाने हात पुढे केला की मागे सरते.

बुधवारी सकाळी आम्ही आठ जण बाहेर पडलो आणि जोरजोरात हाका मारत फिरलो. दुपारी मी पोस्ट टाकली. 'कुणाला दिसल्यास कृपया पकडून ठेवा आणि लगेच फोन करा.' तुमच्यापैकी अनेकांनी ती तासाभरात शेअर केली. संध्याकाळी फोन आला, मैदानामागे दिसली म्हणून. दोन मुलांनी तिला ओळखलं, नावाने हाक मारली आणि पकडायला धावली. भुरी भर रहदारीचा रस्ता ओलांडून पलीकडे गेली. एका ट्रकचा ब्रेक लागल्याचा आवाज मला फोनवर ऐकू आला. पुढची पाच मिनिटं कशी गेली ते मी लिहू शकत नाही.

त्या मुलांवर माझा अजिबात राग नाही. ती रडवेली झाली होती. पकडून ठेवा असं मीच लिहिलं होतं, आणि त्यांनी तेच केलं. हरवलेल्या कुत्र्याच्या जवळजवळ प्रत्येक पोस्टमध्ये हे वाक्य असतं, आणि घाबरलेल्या कुत्र्याच्या बाबतीत ते जिवावर बेतू शकतं.

रात्री भुरीच्या डॉक्टरांना फोन केला. त्यांनी जे सांगितलं ते आधी माहीत असतं तर बुधवार असा गेला नसता. घाबरून पळालेलं कुत्रं घरच्यासारखं वागत नाही. त्या अवस्थेत ते फक्त जीव वाचवत असतं. मागे येणारा प्रत्येक पाय म्हणजे पाठलाग, रोखून पाहणारा प्रत्येक डोळा म्हणजे धोका. मालकाची हाक ऐकूनसुद्धा ते उलट दिशेने पळू शकतं. ओळखीची हाक त्याच्यासाठी त्या वेळी नुसता एक मोठा आवाज असते. त्यात नव्या भागात गेलं की तिथली कुत्री त्याला टिकू देत नाहीत, पुढे पुढे हाकलत राहतात. म्हणून ते दिवसा दडून बसतं आणि माणसांची, गाड्यांची वर्दळ थांबली की बाहेर पडतं.

मग पोस्ट बदलली. नवी पोस्ट एवढीच होती: 'मागे धावू नका. हाक मारू नका. कुठे दिसली, किती वाजता, कोणत्या बाजूला जात होती, एवढंच कळवा.'

या एका बदलाने सगळं फिरलं, असं मला मनापासून वाटतं. लोकांना मदत करायचीच असते. पण कुत्रं पकडणं सगळ्यांना जमत नाही, काहींना कुत्र्यांची भीतीही वाटते. पाहणं मात्र सगळ्यांना जमतं. ज्या आजी गॅलरीतून खाली उतरू शकत नाहीत त्यांनी दोनदा फोन केला, आणि त्यांनी सांगितलेली वेळ मिनिटापर्यंत बरोबर निघाली.

मी कोऱ्या कागदावर आमच्या भागाचा नकाशा काढला आणि प्रत्येक फोनसाठी एक ठिपका मांडला, शेजारी वेळ. गुरुवारी सात ठिपके होते आणि त्यांचा काही मेळ लागत नव्हता. त्यातले दोन तर वेगळ्याच कुत्र्याचे होते, फोटो पाहिल्यावर कळलं. शुक्रवारी रात्रीपर्यंत खरे ठिपके अकरा झाले आणि ते चक्क एका रेषेत आले. नाल्याच्या कडेकडेने, पहाटे साडेचार ते साडेपाचच्या मध्ये. दिवसभरात एकही नाही. म्हणजे आम्ही दुपारी उन्हात घसा फोडून हाका मारत होतो तेव्हा ती कुठेतरी झुडपात श्वास रोखून पडलेली होती.

पहाटे साडेचारला जागं कोण असतं? पेपर टाकणारी मुलं, रात्रपाळी संपवून निघालेला वॉचमन, रस्ता झाडणाऱ्या बायका. यांतलं कुणीही माझ्या फेसबुकच्या यादीत नव्हतं. हे कबूल करायला मला लाज वाटते, पण रोज माझ्या दारावरून जाणाऱ्या या माणसांशी मी त्याआधी कधी दोन वाक्यं बोलले नव्हते. म्हणून सांगते, ऑनलाइन पोस्ट म्हणजे अर्धंच काम. उरलेलं अर्धं कागदावर आणि तोंडाने करावं लागतं. आमचं पहिलं पोस्टर निरुपयोगी होतं. भुरीचा स्वभाव, आवडीनिवडी, आमची अवस्था, सगळं बारीक अक्षरात लिहिलेलं. दुचाकीवरून जाणाऱ्याला त्यातलं काय वाचता येणार? दुसऱ्या पोस्टरवर वर 'कुत्री हरवली', मध्ये मोठा फोटो, खाली 'पकडू नका, फोन करा' आणि नंबर. पावसात शाई पसरायला लागली तेव्हा एका शेजाऱ्याने सुचवलं की प्लास्टिकच्या पाकिटात घाला आणि पाकिटाचं तोंड खाली ठेवा, म्हणजे पाणी आत जात नाही. चाळीस पोस्टरं त्याने स्वतः तशी भरून दिली.

या दिवसांत 'कुत्रं वासावर आपोआप घरी येतं, काळजी करू नका' असं मला किमान वीस जणांनी सांगितलं. धीर द्यायलाच सांगितलं, हे समजतं. कुत्र्यांना वाट शोधण्याची विलक्षण जाण असते हेही खरं आहे. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासासाठी झेक शास्त्रज्ञांनी २७ शिकारी कुत्र्यांना जीपीएस पट्टे बांधून जंगलात सोडलं होतं. परतताना काही कुत्री आधी साधारण वीस मीटर उत्तर-दक्षिण दिशेत धावत, मग मालक कुठल्याही बाजूला असो, आणि जी असं धावली ती जास्त सरळ वाटेने मालकाकडे पोचली. पृथ्वीच्या चुंबकत्वाचा त्यांना उपयोग होत असावा असा त्या शास्त्रज्ञांचा कयास आहे. वाचून मी थक्क झाले. पण ती कुत्री आपल्या कामावर होती, विजेला भिऊन पळालेली नव्हती. त्या भरवशावर घरी बसून राहू नका.

याउलट अमेरिकेतली २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेली एक पाहणी सांगते की हरवलेल्या कुत्र्यांपैकी ९३ टक्के परत मिळाली, आणि मिळालेल्यांपैकी जवळजवळ निम्मी, ४९ टक्के, आसपासचा परिसर पालथा घातल्यामुळे. बिल्ला किंवा मायक्रोचिपमुळे (कातडीखाली बसवलेली ओळखीची चिप) १५ टक्के. शनिवारी दुपारी, सगळे थकून गप्प बसले होते तेव्हा, हे आकडे मी मोठ्याने वाचून दाखवले होते.

मायक्रोचिपबद्दल मात्र एक गैरसमज मलाही होता आणि तो बहुतेकांना असतो. चिप म्हणजे जीपीएस नाही. तांदळाच्या दाण्याएवढी ती कुपी, तिच्यात बॅटरी नसते, ती कुठलाही सिग्नल पाठवत नाही. कुणीतरी स्कॅनर जवळ धरला की तेवढ्यापुरता एक १५ अंकी क्रमांक दाखवते. त्या क्रमांकापुढे नोंदवहीत तुमचा फोन असेल तरच उपयोग. २००९ साली अमेरिकेतल्या ५३ प्राणी निवाऱ्यांची एक पाहणी प्रसिद्ध झाली. तिथे आलेल्या चिपवाल्या कुत्र्यांपैकी ५२.२ टक्के मालकाकडे परत गेली, तर एकूण भटकत आलेल्या कुत्र्यांपैकी २१.९ टक्केच. आणि चिप असूनही जे मालक सापडले नाहीत, त्यांच्या बाबतीत सगळ्यांत मोठं कारण होतं बंद पडलेला किंवा चुकीचा फोन नंबर. भुरीला चिप आहे. गुरुवारी तपासलं तर नोंदीत माझा दोन वर्षांपूर्वी बंद केलेला नंबर होता. तो बदलायला चार मिनिटं लागली. तुमच्या कुत्र्याचा नंबर आत्ता तपासा, ही पोस्ट नंतर वाचली तरी चालेल.

दोन गोष्टींचा त्रास झाला, त्याही लिहिते. शुक्रवारी एकाने फोन करून सांगितलं, तुमची कुत्री माझ्याकडे आहे, आधी पैसे पाठवा. सुदैवाने भुरीच्या डाव्या कानाच्या टोकाला असलेली खाच मी पोस्टमध्ये मुद्दाम लिहिली नव्हती, फोटोतही ती दिसत नव्हती. कान कसा आहे विचारल्यावर फोन बंद झाला. एक खूण नेहमी आपल्यापाशी ठेवा. दुसरा त्रास कमेंट्सचा. 'सांभाळता येत नाही तर पाळता कशाला?' हरवलेल्या जिवाच्या माणसाला हा प्रश्न आणखी कुणी विचारायची गरज नसते, तो स्वतःला दर मिनिटाला विचारत असतो. आणि अशा शेरेबाजीमुळे लोक पोस्ट टाकायलाच कचरतात, पहिले मोलाचे तास वाया जातात. राग आला तरी त्या वेळी गिळा. कुत्रं सापडल्यावर मला काय हवं ते बोला, मी ऐकून घेईन.

या सगळ्यात मला सारखी बॉबीची आठवण येत होती. १९२३ साली अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात हरवलेला कुत्रा, सहा महिन्यांनी, फेब्रुवारी १९२४ मध्ये, चार हजारांहून जास्त किलोमीटर चालून ऑरेगनमधल्या आपल्या घरी पोचला. त्याच्या एकट्याच्या पराक्रमाची म्हणून ही गोष्ट सांगितली जाते. पण त्याचा मार्ग कळला कसा? बातमी पसरल्यावर वाटेतल्या अनोळखी माणसांनी पत्रं लिहिली: आमच्याकडे एक रात्र राहिला, आम्ही खायला घातलं, पायाच्या जखमा धुतल्या. ती पत्रं जोडून मार्ग उभा राहिला. माझ्या नकाशावरच्या ठिपक्यांसारखाच.

रविवारी पहाटे चार वाजून पन्नास मिनिटांनी फोन वाजला. रस्ता झाडणाऱ्या मावशी. आवाज अगदी हळू. "ताई, नाल्याच्या पुलाखाली बसलीय. मी हलत नाही इथनं. तुम्ही या, पण गाडी लांब लावा." मी पोचले तेव्हा मावशी झाडू छातीशी धरून रस्त्याच्या मधोमध उभ्या होत्या. त्यांनी पलीकडच्या टोकाला दुसऱ्या बाईंना उभं केलं होतं, कुणी त्या बाजूने जाऊ नये म्हणून. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. पोस्टरवर 'पकडू नका' वाचलं, बाकीचं त्यांचं त्यांनी ओळखलं.

मी तिच्यापासून बऱ्याच अंतरावर ओल्या मातीत बसले, तिच्याकडे पाठ करून, थोडी तिरपी. डॉक्टरांनी सांगितलं होतं तसं. हाक मारली नाही. हाक मारायची नाही, हे त्या पाच दिवसांतलं सगळ्यांत अवघड काम होतं. खाऊ थोडा थोडा बाजूला टाकत राहिले आणि वारा माझ्याकडून तिच्याकडे जातोय का, एवढंच बघत राहिले. वीस मिनिटं गेली असतील. मग मागे गवत हललं, थांबलं, पुन्हा हललं. कोपरापाशी काहीतरी गार लागलं. तिचं नाक होतं. तिने माझी बाही खालपासून वरपर्यंत हुंगली, आणि मग तिच्या तोंडून असा आवाज निघाला जो मी तिच्याकडून आधी कधी ऐकला नव्हता.

काल संध्याकाळी तिला घेऊन मावशींना भेटायला गेले. गळपट्टा, बिल्ला, दुहेरी साखळी, सगळं लावून. मला वाटलं होतं भुरी त्यांच्या जवळ जाईल. नाही गेली. माझ्या पायामागे लपून लांबूनच बघत राहिली. मी वाईट वाटून म्हटलं, "मावशी, तुमच्यामुळे मिळाली, आणि बघा, जवळसुद्धा येत नाही."

मावशी हसल्या. म्हणाल्या, "राहू द्या ताई. दिसली ना, झालं."