बाप्तिस्म्याचा रकाना

गेले तीन आठवडे मी एकच अर्ज भरतेय आणि घरात सगळ्यांना त्याचा वीट आलाय. नवरा म्हणतो, एवढे कागद तर माझ्या व्हिसालासुद्धा लागले नव्हते. डॅलसजवळच्या एका क्लासिकल ख्रिश्चन शाळेत नववी-दहावीच्या मुलांना थिऑलॉजी, म्हणजे ख्रिस्ती धर्मशास्त्र, शिकवायची जागा निघाली आहे. नगरला आईला फोनवर सांगितलं, तर तिचा पहिला प्रश्न, "अगं, शाळेत शिकवतात हे? आणि पगार देतात?"

तिचं काही चुकलं नाही. पुण्यात बी.डी. (पाळकांना लागते ती धर्मशास्त्राची पदवी) करताना आमच्या वर्गातल्या प्रत्येकापुढे दोनच वाटा होत्या: पाळक व्हा, नाहीतर दुसऱ्या कुठल्या सेमिनरीत शिकवा. आपल्याकडच्या मिशनच्या शाळांत मूल्यशिक्षणाचा तास असतो, तोही सहामाही जवळ आली की गणिताच्या बाई पळवतात. अनुदानित शाळेत संमतीशिवाय कुणाला धर्मशिक्षणाला बसवता येत नाही, घटनेच्या २८व्या कलमातच तसं आहे आणि ते योग्यच आहे असं माझं मत. पण त्यामुळे झालं काय, की थिऑलॉजीला शाळेत वेळापत्रक असू शकतं, चाचणी असू शकते, पोरगं त्यात नापासही होऊ शकतं, हे इथे येईपर्यंत माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

शाळा बघायला गेले तेव्हा तिसरीची पोरं उभी राहून टाळ्यांच्या ठेक्यावर "आमो, आमास, आमात" म्हणत होती. लॅटिन क्रियापद चालवत होती. मला हसू आवरेना. रामः रामौ रामाः! ज्याला आपण घोकंपट्टी म्हणून नावं ठेवतो, त्याच्यासाठी इथले आईबाप पदरचे पैसे मोजतात. या शाळांची मांडणी अशी: लहानपणी पाठांतर, मग तर्क, मग वक्तृत्व. १९४७ साली ऑक्सफर्डला डोरथी सेयर्स या इंग्रज लेखिकाबाईंनी एक भाषण दिलं, त्यात मध्ययुगातलं हे त्रिकूट त्यांनी मुलांच्या वाढीच्या तीन टप्प्यांशी जोडून दाखवलं. ते पुढे अमेरिकेत उचललं गेलं. आयडाहो राज्यातल्या मॉस्को नावाच्या गावात (हो, मॉस्कोच) १९८१ साली अशी शाळा निघाली आणि हळूहळू त्याची चळवळ झाली.

मला हे मनापासून पटतं. आजी रविवारी सुवर्णवचन म्हणून दाखवल्याशिवाय चहाची बशी पुढे सरकवत नसे. २३वं स्तोत्र मला पाचव्या वर्षी घडाघडा येत होतं. ते कळलं मात्र पप्पांना मातीला नेलं त्या दिवशी. तोंडात तयार होतं म्हणून कळलं. तर अशा शाळेत शिकवायला मी एका पायावर तयार आहे.

अडलंय ते अर्जातल्या श्रद्धेच्या जाहीरनाम्यावर. चार पानं आहेत, प्रत्येक कलमापुढे सही करायची. त्रैक्य, पुनरुत्थान, तारण यांवर सह्या करताना पेन कुठे थांबलं नाही. मग आला बाप्तिस्म्याचा रकाना: आपण तान्ह्या मुलांचा बाप्तिस्मा मानता की कळत्या वयातला? एकावर खूण करा.

आता मी चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची. १९७० साली नागपूरला सहा वेगवेगळ्या मंडळ्या एकत्र येऊन आमचं चर्च झालं. त्यात अँग्लिकन होते तसे बॅप्टिस्टही होते. म्हणजे लेकराला पाळण्यातून उचलून आणणारे आणि मोठं होऊन स्वतः साक्ष दिल्याशिवाय पाण्यात उतरू न देणारे, दोघेही. वर्षानुवर्षं बोलणी केली, भांडले असतील, पण शेवटी दोन्ही रीती ठेवल्या आणि एका मेजावर प्रभुभोजन घ्यायला बसले. माझा बाप्तिस्मा मी तीन महिन्यांची असताना झाला, माझ्या मामेबहिणीचा सोळाव्या वर्षी. मी दोन्ही चौकटींत खूण केली. दुसऱ्या दिवशी शाळेच्या ऑफिसातून फोन. बाई फार गोड बोलत होत्या. म्हणाल्या, फॉर्म सिस्टिम घेत नाहीये, एकच ठेवा ना.

पहिली मुलाखतही झाली. तिथे एका गृहस्थांनी अगदी अदबीने विचारलं, मोठ्या मुलग्यांना एका स्त्रीने थिऑलॉजी शिकवण्याबद्दल तुमच्या चर्चचं काय मत आहे? ज्या सेयर्सबाईच्या भाषणावर ही सगळी इमारत उभी आहे, तिला १९४३ साली कँटरबरीच्या आर्चबिशपांनी डॉक्टर ऑफ डिव्हिनिटी ही पदवी देऊ केली होती, तिनेच ती घेतली नाही. हे मला सुचलं घरी येताना, सिग्नलला. नेहमीचंच.

मुलाखतीत मला आठवली ती पंडिता रमाबाई. १८८३ साली इंग्लंडात वाँटेजला तिचा बाप्तिस्मा झाला, मग ती चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात गेली. तिने तरुण पुरुषांना शिकवावं असा विषय निघाला, तर मुंबई आणि लाहोरच्या बिशपांनी हरकत घेतली. म्हणे, हिंदुस्थानात तिचं वजन कमी होईल. रमाबाईने कळवलं की, माझी आई आणि मी तरुणांना शिकवत होतो तेव्हा माझ्या वडिलांनी किंवा नवऱ्याने कधी हरकत घेतली नाही, ती काही इंग्रज मंडळी घेताहेत याचं नवल वाटतं. मी हे सांगितलं. गृहस्थ हसले आणि काहीतरी लिहून घेतलं. काय लिहिलं देव जाणे.

आणि तिचं तेवढ्यावरच थांबलं नव्हतं. बाप्तिस्मा होऊनही त्रैक्याच्या (पिता, पुत्र, पवित्र आत्मा मिळून एकच देव) शिकवणीवरून वाँटेजच्या सिस्टरांशी, म्हणजे तिथल्या जोगिणींशी, तिचा पत्रांतून वाद चालला होता. पाळकवर्गाने सांगितलं म्हणून मानायचं, हे तिला मंजूर नव्हतं. त्या वर्षी हा चार पानी अर्ज तिच्यापुढे ठेवला असता तर पहिल्याच फेरीत गळाली असती. तीच बाई पुढे केडगावला बसून हिब्रू-ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणते, १९२२ साली मरेपर्यंत त्याच कामात असते आणि ते छापायलाही तिच्या मुक्ती मिशन आश्रमातल्याच बाया असतात.

शाळेला आपली माणसं पारखून घ्यायचा हक्क आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. माझं म्हणणं इतकंच, की ज्या शाळेचा मधला टप्पाच मुळी तर्काचा, वाद घालायचा, तिथे चौदा-पंधरा वर्षांचं पोरगं "बाई, तुम्हाला खरंच सगळं पटतं का?" असं विचारणारच. त्याच्यासमोर उभं राहायला, जिची खूण एखाद्या रकान्यात अडली होती अशी बाई असावी. चारही पानं एका दमात भरून दिलेल्या माणसाला त्या पोराचा प्रश्न उद्धटपणा वाटेल, अशी मला भीती वाटते.

तुम्हाला घडवणारी पाच जुनी पुस्तकं लिहा, असंही एक पान होतं. ऑगस्टीन लिहिला (तो अल्जीरियाचा, पण इथे त्याला सगळे पश्चिमेचाच धरतात). शेवटच्या ओळीत फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण लिहिलं. कंसात टाकलं: १६१६, शेक्सपिअर वारला ते साल. एवढा वशिला लावावाच लागतो.

बाप्तिस्म्याच्या रकान्यात शेवटी खूण केलीच नाही. दोन्ही चौकटी कोऱ्या ठेवून समासात नागपूरची गोष्ट पाच ओळींत लिहिली आणि पीडीएफ करून पाठवली. सिस्टिमने काय केलं ते कळलं नाही, पण काल मेल आली. येत्या गुरुवारी नमुना पाठ घ्यायचाय, चाळीस मिनिटं, चौथ्या शतकातल्या अथानासियस या बिशपवर. शब्द देही झाला, तो सगळा भाग.

तर एक काम आहे. नगर, केडगाव, पुणे, कुणाच्याही घरी रमाबाईंचं मराठी बायबल असेल, तर योहानाच्या पहिल्या अध्यायाचा फोटो पाठवा प्लीज. १४वं वचन नीट दिसेल असा. आजीची प्रत काकांच्या माळ्यावर आहे आणि काका गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे शिडी चढू शकत नाहीत.