ठशांची कपाटं रिकामी करण्याआधी

सध्या एक मजकूर बराच फिरतो आहे. त्याचा सारांश असा: प्राचीन ग्रीक आणि लॅटिन शिलालेख आता सगळे ऑनलाइन आहेत, दगड पाहायचाच तर फोटो आहेत, झिजलेली अक्षरं एआय भरून देतं, मग युरोप-अमेरिकेतल्या संस्थांनी कागदी ठशांनी, म्हणजे ओला कागद दगडावर दाबून घेतलेल्या अक्षरांच्या छापांनी, कपाटं कशाला अडवून ठेवायची?

‘सगळे ऑनलाइन’ इथूनच गडबड सुरू होते. लॅटिनसाठी क्लाउस-स्लाबीच्या संग्रहात पाच लाखांहून जास्त लेख आहेत, पॅकार्ड संस्थेच्या ग्रीक संग्रहात दोन लाखांहून जास्त. आकडे मोठे आहेत, पण तिथे मुख्यतः असतो तो टंकलेला मजकूर, म्हणजे कुणीतरी केलेलं वाचन. त्यात चौकोनी कंसातली अक्षरं दगडावर नसतातच, ती संपादकाने सुचवलेली असतात. अक्षराखाली टिंब असेल तर वाचणाऱ्यालाच खात्री नव्हती. हे कंस न बघता शब्द शोधणारा माणूस संपादकाचा तर्क पुरावा म्हणून उचलतो. आणि हे संग्रहही चालू राहतीलच असं नाही. १९८६ साली सुरू झालेला हायडेलबर्गचा लॅटिन संग्रह प्रकल्प २०२१ अखेर संपला. नोंदी दिसतात, पण काम थांबलं.

फोटोचं म्हणाल, तर ठसा घेतात कसा ते आधी बघा. जाड, गाळणकागदासारखा कागद भिजवून दगडावर पसरायचा आणि ताठ केसांच्या ब्रशने ठोकत राहायचं, म्हणजे कागद प्रत्येक खाचेत शिरतो. वाळला की सोलून काढायचा. मागच्या बाजूला अक्षरं उलटी, पण उठून आलेली दिसतात. आपल्याकडे शाई थोपटून घेतात त्या ठशात काळ्यावर पांढरी अक्षरं मिळतात. इथे थेट खोली मिळते. फोटोत उजेड एकाच दिशेने गोठलेला असतो. ठसा खिडकीपाशी नेऊन तिरपा फिरवता येतो, आणि ओरखडा कुठला, छिन्नीची रेघ कुठली, हे तेव्हा कळतं.

शिवाय दगड झिजतो. अंकारातल्या मंदिराच्या भिंतीवर सम्राट ऑगस्टसचं आत्मवृत्त लॅटिन आणि ग्रीकमध्ये कोरलेलं आहे. १८८२ साली जर्मन पुरातत्त्वज्ञ कार्ल हूमानने त्याचे प्लास्टरचे साचे घेतले आणि त्यांच्या आधारे जर्मन इतिहासकार मॉमसेनने पुढच्याच वर्षी त्या मजकुराची सुधारित आवृत्ती काढली. भिंत तेव्हापासून पाऊस आणि धूर खाते आहे. आज १८८२ची अक्षरं तपासायची तर भिंतीपेक्षा साच्यांकडे जाणं शहाणपणाचं.

राहिलं एआय. ‘इथाका’ ही प्रणाली २०२२ साली आली. मुद्दाम झाकलेली ग्रीक अक्षरं तिने एकटीने ६२ टक्के वेळा बरोबर ओळखली, इतिहासकारांनी एकट्याने २५ टक्के, आणि दोघांनी मिळून ७२ टक्के. फिरणाऱ्या मजकुरात शेवटचा आकडा गाळलेला असतो, हे मला गमतीचं वाटतं. आणि झाकलेली अक्षरं तपासता आली, कारण ती आधी कुणीतरी दगडावरून किंवा ठशावरून वाचली होती.

अथेन्स आणि सिसिलीतल्या एगेस्टा यांच्या तहाचा दगड घ्या. तो अतिशय झिजलेला आहे. ज्याच्या नावाने वर्ष ओळखलं जाई, त्या अधिकाऱ्याच्या नावाची फक्त शेवटची अक्षरं नीट दिसतात. ‘हाब्रोन’ वाचलं तर इ.स.पू. ४५८, ‘अँटिफोन’ वाचलं तर ४१८. दुसरं खरं असेल तर हा तह अथेन्सच्या सिसिली मोहिमेच्या जेमतेम तीन वर्षं आधीचा. ‘तीन रेघांचा सिग्मा (ग्रीक ‘स’ अक्षराचं जुनं वळण) इतक्या उशिरा नसतोच’ या नियमावर ४५८ मानणारा पक्ष अडून बसला होता. १९९० साली लेझर आणि संगणकीय प्रतिमांनी दगडच तपासला गेला आणि पारडं अँटिफोनकडे झुकलं. इथाकानेही अथेन्सच्या अशा वादग्रस्त ठरावांचा काळ पुढेच ओढला, सरासरी इ.स.पू. ४२१पर्यंत. तेवढं श्रेय तिला द्यायलाच हवं, पण दगड बोलून तीस वर्षं झाली होती.

जागेची अडचण मात्र खोटी नाही. बर्लिनच्या ग्रीक शिलालेख प्रकल्पाकडेच ८०,००० च्या आसपास ठसे आहेत. प्रिन्स्टनमध्ये सुमारे ३०,००० ठशांचं डिजिटायझेशन हाती घेतलं गेलं, ते चांगलंच आहे. मागे पेन्सिलीने लिहिलेला क्रमांक पुसला गेला की ठसा निनावी होतो, म्हणून नोंदी आधी आणि स्कॅन नंतर. स्कॅन झाल्यावरही कागद कपाटातच राहू द्या. साध्या सपाट स्कॅनवर उजेड फिरवता येत नाही.