चोवीस तास म्हणजे एक दिवस? नेहमी नाही
'तारखेसाठी लायब्ररी (दुसऱ्यांनी लिहिलेला तयार कोड) कशाला, चार ओळी स्वतः लिहा' असं प्रोग्रॅमिंगवरच्या एका लेखात म्हटलंय. नागपुरात बसून हे मत मलाही पटायचं. आपलं घड्याळ यूटीसीच्या (जागतिक प्रमाणवेळेच्या) साडेपाच तास पुढे, वर्षभर हलत नाही. 'उद्या' काढायला मी सरळ ८६४०० सेकंद, म्हणजे २४ तास, मिळवायचो. मग अमेरिकेतला क्लायंट आला. तिथे नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळ तासभर मागे जातं, दिवस २५ तासांचा! तो रविवार सुरू होतानाच्या मध्यरात्रीत २४ तास मिळवले की रात्रीचे अकरा, तारीख तीच. रिपोर्टमध्ये रविवार दोनदा. ऐन दिवाळीत लॅपटॉप घेऊन बसलो, घरच्यांची बोलणी वेगळीच. नुसती तारीख छापायची तर ब्राउझरमधलं इंटल (Intl, तारखा-आकडे त्या-त्या भाषेच्या पद्धतीने दाखवणारी अंगभूत सोय) पुरतं, मान्य. मोमेंट ही तारखांची लायब्ररी मात्र नव्या प्रोजेक्टला घेऊ नका, २०२० मध्ये ती बनवणाऱ्यांनीच तसं सांगितलंय.