टाचेची गोष्ट घोड्यावरून सुरू होते, काका

महिला दिन उलटून आठवडा झाला तरी तो मेसेज फिरतोच आहे. आमच्या नाशिकच्या इंदिरानगरातल्या सोसायटीच्या ग्रुपवर तो चौघांनी टाकला; त्यातले दोघे रोज सकाळी गंगेवर (म्हणजे आपल्या गोदावरीवर) बरोबरच फिरायला जातात. मजकूर थोडक्यात असा: उंच टाचेची सँडल ही पाश्चात्त्य स्त्रीमुक्तीची देणगी. १९६८ मध्ये अमेरिकेत बायकांनी ब्रा जाळल्या आणि हील्स चढवल्या. आपल्याकडे बाईच्या पायात काय आहे यावरून कधी वादच झाला नाही, आपल्या आज्या अनवाणी सुखात होत्या. तेव्हा मुलींनो, हक्कबिक्क सोडा आणि गुडघे सांभाळा. घोर कलियुग!

गुडघ्यांचं मान्य. बाकीचं बघू.

देणगीच म्हणायची तर टाच घोडदळाची देणगी. इराणी स्वार रिकिबीत उभे राहून बाण सोडायचे. पाय घसरू नये म्हणून बुटाला टाच. इराणचा राजा शाह अब्बास याचा दूतसंघ १५९९ मध्ये युरोपला निघाला आणि पुढे तिकडच्या सरदारांना या बुटांचं वेड लागलं. फ्रान्सचा चौदावा लुई लाल टाचा मिरवायचा. बायकांनी ही फॅशन पुरुषांची पाहून उचलली. अठराव्या शतकात पुरुषांनी ती सोडली आणि बायकांच्या गळ्यात, म्हणजे पायात, राहिली. सुईसारखी स्टिलेटो तर १९५० च्या दशकातली. टाचेत पोलादी सळई बसवता आली म्हणून ती उभी राहिली, कुठल्या मोर्चामुळे नाही.

१९६८ चं तर नेमकं उलटं सांगितलंय. ७ सप्टेंबरला अटलांटिक सिटीत मिस अमेरिका स्पर्धेबाहेर निदर्शनं झाली. तिथे एक कचऱ्याचा डबा ठेवला होता. त्यात ब्रा गेल्या, पोट आवळायचे पट्टे गेले, खोट्या पापण्या, फरशी पुसायचे मॉप आणि हाय हील्सही गेल्या. पेटवलं काहीच नाही. म्हणजे ज्यांनी हील्स चढवल्या असं आपण पुढे पाठवतोय, त्यांनी त्या फेकल्या होत्या. हे भांडण अजून चालूच आहे. कामावर सपाट बूट घातले म्हणून घरी पाठवलेल्या लंडनच्या निकोला थॉर्पच्या अर्जावर २०१६ मध्ये दीड लाखाच्या वर सह्या झाल्या. २०१९ मध्ये जपानच्या युमी इशिकावाने कामावरच्या हील्सच्या सक्तीविरुद्ध मोहीम काढली. हील्स आवडणाऱ्या बाईशी यातल्या कुणाचं भांडण नाही, सक्ती करणाऱ्याशी आहे. मी स्वतः लग्नाकार्यात दोन इंची घालते आणि पंगतीला बसताना काढून ठेवते.

आता 'आपल्याकडे वादच नव्हता' हे वाक्य. इथे मात्र मला राग आला. आनंदीबाई जोशी अमेरिकेला डॉक्टरी शिकायला निघाल्या १८८३ मध्ये. जाण्याआधी श्रीरामपूरला (बंगालातलं, आपलं नव्हे) त्यांनी भाषण केलं, त्यात मुंबईतल्या शाळेच्या वाटेची हकीकत आहे. काखेत पुस्तकं घेऊन जाताना लोक खिडकीतून डोकी काढून बघायचे, गाड्या थांबवायचे, हसायचे आणि त्यांना ऐकू जाईल असं म्हणायचे: ही कोण बूट-मोजे घालून शाळेत चालली? कलियुग आलं! काका, तुमच्या मेसेजातला शेवटचा शब्द तेव्हापासून चालत आलाय.

आणि ज्या बायांना गावच्या आळीतून जाताना चप्पल पायातून हातात घ्यावी लागायची, तीही जातीमुळे, त्यांच्या आज्या सुखात होत्या का, हे त्यांनाच विचारा. माझी आजी पंचवटीतल्या वाड्यात नांदली. जातीचा जाच तिच्या वाट्याला नव्हता, पण सासरे ओटीवर बसलेले असले की चप्पल घालायची सोय नाही. कोल्हापुरी पदराआड धरून ती गल्लीचं वळण गाठायची आणि तिथे पायात सरकवायची. रात्री टाचांच्या भेगांत कोकमतेल भरताना ती जे पुटपुटायची त्याला सुख म्हणत नाहीत.

राहिलं 'हक्कबिक्क सोडा'. ६ मार्च २०१८ ला इथल्याच सीबीएस चौकातून हजारो शेतकरी निघाले आणि सुमारे १८० किलोमीटर चालून १२ तारखेला मुंबईत आझाद मैदानावर पोचले. त्यात आदिवासी बाया खूप होत्या, कसत असलेल्या वनजमिनीचे पट्टे मागायला निघालेल्या. कुणाच्या चपला वाटेत तुटल्या, कुणाच्या पायात पहिल्यापासूनच नव्हत्या. तळव्याची सालं निघालेले फोटो तुम्हीही तेव्हा याच ग्रुपवर टाकले होते, हात जोडल्याच्या चित्रासकट. मुंबईकरांनी पाण्याबरोबर चपलाही वाटल्या. त्या वर्षीचा ८ मार्च त्या बायांनी हायवेवर चालत काढला.